सावलीवाचून घडलेली माणसे : अमृता शेर-गिल आणि अजिंठ्याचा रंग

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत मुंबईच्या कलाजगतात व्यक्तिचित्राची कसोटी जवळजवळ ठरून गेली होती. कॅनव्हासवरचा माणूस हाडामांसाचा वाटावा, त्याच्या गालावरचा उजेड शेजारच्या खिडकीतून आल्यासारखा भासावा, रेशीम रेशमासारखे आणि मोती मोत्यासारखा चमकावा, अशी ती कसोटी होती आणि १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. (जे. जे.) कला विद्यालयात विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे तिच्यासाठीच तयार केले जाई. या परंपरेला अकादमिक वास्तववाद म्हणतात. ती परंपरा हिणवण्याजोगी मुळीच नव्हती. मूळचे गोव्याचे आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हटले जाई ते छायाप्रकाशावरील त्यांच्या हुकमतीमुळे, आणि चित्रकार हळदणकर यांच्या, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीच्या जलरंगचित्रासमोर आजही म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात प्रेक्षक थबकतो तो चेहऱ्यावर पडलेल्या त्या उजेडामुळेच. मात्र या पद्धतीत रंगाचे स्थान दुय्यम राहते. चेहरा घडवण्याचे मुख्य काम उजेड आणि सावली करतात, रंग त्यांच्यामागून येतो आणि पुष्कळदा त्यांच्या तालावर चालतो.

रंगानेच माणूस घडवावा, सावलीची मदत शक्य तितकी कमी घ्यावी आणि तपशील इतके गाळावेत की उरलेला प्रत्येक आकार भार पेलू लागेल, हा दुसरा मार्ग भारतीय तैलचित्रात पहिल्यांदा ठामपणे चोखाळला तो अमृता शेर-गिल या चित्रकर्तीने. तिच्या या वाटचालीतले एक निर्णायक वळण १९३६च्या अखेरीस, तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आले. वेरूळ तिने पाहिले आणि अजिंठाही पाहिला. वेरूळच्या शिल्पांची भव्यता तिला भावली, परंतु चित्रकार म्हणून तिला शिकवले ते अजिंठ्याने. भारतात परतल्यानंतर दुसऱ्या कोणाच्या कामातून काही शिकायला मिळाल्याचा अनुभव तिला तिथे पहिल्यांदा आला, असे तिने पत्रातून कळवले होते. आपल्या कुवतीबद्दल कमालीचा विश्वास असलेल्या, किंबहुना इतरांच्या कामाविषयी बोलताना बऱ्याचदा तिखट होणाऱ्या तेवीस वर्षांच्या तरुणीने हे कबूल करावे याला महत्त्व आहे.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. तिचे वडील उमरावसिंग हे मजिठ्याच्या शीख सरदार घराण्यातले, संस्कृत-फारसीचे व्यासंगी आणि हौशी छायाचित्रकार होते, तर आई मारी आंत्वानेत ही हंगेरियन गायिका होती. १९२१ मध्ये हे कुटुंब सिमल्याला आले. १९२९ मध्ये अमृता पॅरिसला गेली आणि एकोल द बोझार या प्रख्यात कलासंस्थेत ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली शिकली. १९३२ मध्ये रंगवलेल्या ‘यंग गर्ल्स’ या चित्रासाठी तिथल्या सालोनने, म्हणजे मोठ्या वार्षिक प्रदर्शनाने, पुढच्या वर्षी तिचा गौरव केला. पॅरिसमधल्या तिच्या व्यक्तिचित्रांत आणि पुष्कळशा आत्मचित्रांत अकादमिक शिक्षणाची पकड स्पष्ट दिसते. तिथे एका बाजूने येणारा उजेड, गोलाई दाखवणाऱ्या सावल्या आणि जाड ब्रशचे आत्मविश्वासपूर्ण फटकारे आहेत. त्याच सुमारास सेझान आणि गोगँ हे तिच्या मनावर ठसत होते. सेझानने आकाराची घडण रंगाच्या पट्ट्यांतून साधली होती आणि गोगँने ताहिती बेटावरच्या स्त्रिया मोठ्या, सपाट, एकसंध रंगक्षेत्रांत बसवल्या होत्या. १९३४ मध्ये अमृताने स्वतःलाच ताहितियन स्त्रीच्या रूपात रंगवले, यावरून ही ओढ किती थेट होती ते कळते.

याच १९३४ सालच्या, युरोप सोडण्यापूर्वी आईवडिलांना लिहिलेल्या एका पत्रात अजिंठा येतो. आपण युरोपात आलो नसतो तर अजिंठ्याचे एखादे भित्तिचित्र किंवा पॅरिसच्या गिमे संग्रहालयातला शिल्पाचा छोटा तुकडा साऱ्या रेनेसाँपेक्षा मोलाचा आहे हे आपल्या लक्षातच आले नसते, अशा आशयाचे मत तिने त्यात मांडले आहे. विधान अतिशयोक्तीचे आहे आणि ते करताना तिने मूळ अजिंठा अजून पाहिलेला नव्हता. पण त्यातला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधुनिक युरोपीय चित्रकलेने तिला सपाट रंगाकडे आणि साध्या आकाराकडे पाहायला शिकवले आणि त्या नजरेने ती अजिंठ्याकडे वळली. वारसा म्हणून तो तिच्या हाती आयता आलेला नव्हता.

अजिंठ्याला जाण्याआधीच तिच्या कामात बदल सुरू झाला होता आणि सगळे श्रेय लेण्यांना देण्याच्या मोहाला आवर घालण्यासाठी ही गोष्ट सांगणे आवश्यक आहे. भारतात परतल्यानंतर १९३५ मध्ये तिने ‘ग्रुप ऑफ थ्री गर्ल्स’ म्हणजे ‘तीन मुली’ हे चित्र रंगवले. एकमेकींना खेटून बसलेल्या तीन तरुणी त्यात आहेत. तिघींच्या नजरा वेगवेगळ्या, तिघीही गप्प, आणि मागे ना खोली, ना खिडकी, ना पडदा. दागिन्यांचा, नक्षीचा, घरच्या ऐश्वर्याचा तपशील जवळजवळ पुसून टाकलेला आहे आणि तांबड्या-नारिंगी व हिरवट रंगांच्या मोठ्या क्षेत्रांवर सारा भार सोपवलेला आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ मध्ये या चित्राला सुवर्णपदक दिले. १८८८ मध्ये स्थापन झालेली आणि एरवी अकादमिक कौशल्याचा गौरव करणारी ही संस्था या चित्रासमोर झुकली, याचे आश्चर्य वाटते. तरीही या चित्रात एक पाय पॅरिसमध्येच आहे. गालांवर, कपड्यांच्या चुण्यांवर बाजूने आलेला उजेड अजून रेंगाळतो. त्याच वर्षीच्या ‘हिल मेन’ आणि ‘हिल विमेन’ या चित्रांतल्या पहाडी माणसांबाबतही हेच म्हणता येते. आकार उंच आणि साधे झाले आहेत, पण त्यांना उभे करणारी सावली पूर्णपणे गेलेली नाही.

१९३६च्या हिवाळ्यात प्रदर्शनाच्या निमित्ताने अमृता मुंबईत आली. तिथे कार्ल खंडालावाला या कायदेतज्ज्ञ आणि कलासमीक्षकाशी तिची ओळख झाली, जी पुढे पत्रव्यवहाराने घट्ट झाली. मुंबईहून ती अजिंठा-वेरूळकडे निघाली. औरंगाबादपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, वाघूर नदीने नालेच्या आकारात कोरलेल्या कड्यात असलेली ही तीसेक लेणी त्या वेळी बऱ्या अवस्थेत होती, याचे श्रेय हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याला द्यावे लागते. या खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांच्या कारकिर्दीत, १९२०च्या दशकाच्या आरंभी, इटलीहून खास तज्ज्ञ बोलावून सुटू पाहणारा गिलावा भिंतीला पक्का करण्यात आला होता आणि १९३० पासून यझदानींचे अजिंठ्यावरचे सचित्र खंड प्रसिद्ध होऊ लागले होते.

अजिंठ्यात तिने काय पाहिले असेल ते समजण्यासाठी ही चित्रे कशी घडली ते थोडक्यात पाहावे लागते. पुष्कळदा त्यांना ‘फ्रेस्को’ म्हटले जाते, पण खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावतात आणि तो सुकताना रंग त्यातच बांधला जातो. अजिंठ्याची चित्रे कोरड्या पृष्ठावर, चिकट बंधकद्रव्यात कालवलेल्या रंगांनी, म्हणजे टेम्परा पद्धतीने काढलेली आहेत. बेसाल्टच्या खडबडीत भिंतीवर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग, असा तो क्रम असे. रंग मोजके होते : गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, काजळीचा काळा, पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा पांढरा आणि दख्खनच्या खडकात सापडणारी हिरवी माती. पाचव्या शतकातल्या, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या लेण्यांत यात निळ्याची भर पडते. हा निळा रंग लाजवर्द या दगडापासून होई आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येई. आधी गेरूने बाह्यरेषा, नंतर सपाट रंग, त्यानंतर त्याच रंगाची गडद छटा कडांकडे, आणि शेवटी गडद रेषेने आकार पुन्हा नक्की करणे, अशी कामाची सर्वसाधारण रीत होती.

यातली तिसरी पायरी महत्त्वाची आहे. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तील चित्रसूत्र या भागात तिला ‘वर्तना’ म्हटले आहे आणि तिचे पत्रज, ऐरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. पानाच्या शिरांसारख्या रेषांनी, अतिसूक्ष्म छटांनी किंवा ठिपक्यांनी आकाराला गोलाई देणे, असा त्यांचा ढोबळ अर्थ आहे. युरोपीय छायाप्रकाशाशी वर्तनेची गल्लत करता येत नाही. छायाप्रकाशात उजेडाचा एक उगम असतो, तो कोणत्या बाजूला आहे हे प्रेक्षकाला सांगता येते, आणि ज्या बाजूला उजेड पोचत नाही ती बाजू सावलीत जाऊन आपला रंग हरवून बसते. वर्तनेत असा उगम नसतो. शरीराचा रंग मध्यभागी उजळ राहतो आणि कडेकडे गडद होत जातो, दोन्ही बाजूंना, जणू गोलाई हा त्या शरीराचाच गुण आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा खांदा किंवा दंड पाहिला तर त्याची भरीव घनता जाणवते, पण उजेड कुठून येतो हे विचारले तर उत्तर सापडत नाही. नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर पांढऱ्याचा हलका स्पर्श येतो तोही कोणत्या दिव्याचा नसतो. काळोख्या लेण्यात आकार उठून दिसावा एवढाच त्याचा हेतू असतो.

दुसरी गोष्ट त्वचेच्या रंगांची. अजिंठ्याच्या एकाच दृश्यात गोरी, गव्हाळ, तांबूस, हिरवट सावळी आणि जवळजवळ काळी माणसे शेजारी शेजारी असतात. पद्मपाणीच्या बाजूची सावळी राजकन्या तर वाटाड्यांच्या तोंडून प्रत्येक पर्यटकाला माहीत झालेली आहे. या विविधतेचा सामाजिक अर्थ अभ्यासकांनी लावला आहे आणि लावला जाईलही, परंतु चित्रकाराच्या दृष्टीने तिचा उपयोग अगदी व्यवहारी आहे. दोन शरीरांचा रंग वेगळा असला की त्यांना एकमेकांपासून सुटे करायला सावलीची गरज उरत नाही.

अमृताने नेमके हेच उचलले असे तिची पुढची चित्रे सांगतात. अजिंठ्यानंतर ती हैदराबादमार्गे दक्षिणेत त्रावणकोर आणि कोचीनकडे गेली, मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रे तिने बारकाईने पाहिली, कन्याकुमारीकडची सावळी, पांढऱ्या वस्त्रांतली माणसे पाहिली, आणि सिमल्याला परतल्यावर १९३७ मध्ये तीन मोठी तैलचित्रे रंगवली : ‘ब्राइड्स टॉयलेट’ (वधूचा साजशृंगार), ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत’. हैदराबादेत नबाब सालारजंग यांनी तिची चित्रे घेतली नाहीत. ज्या संस्थानाने अजिंठ्याचा गिलावा वाचवायला इटलीहून माणसे आणली, त्याच संस्थानातल्या सर्वांत मोठ्या संग्राहकाच्या दालनात मान होता तो बेन्झोनीच्या बुरख्यातल्या रिबेकेच्या संगमरवरी पुतळ्याला, आणि समकालीन चित्रकर्तीला जागा नव्हती. यात त्या एका नबाबाचा दोष फारसा काढता येत नाही, कारण त्या काळच्या बहुतेक संस्थानिकांची अभिरुची तशीच घडलेली होती.

‘ब्रह्मचारी’ या चित्राकडे सविस्तर पाहणे योग्य ठरेल. पाच तरुण, उघडी अंगे, पांढरी धोतरे, जानवी. बस, एवढाच ऐवज. कथानक नाही, हालचाल नाही, आणि पार्श्वभूमी इतकी मोकळी की जागा ओळखण्यासारखी एकही खूण नाही. रंगाविषयी थोडी परिभाषा इथे उपयोगी पडते. प्रत्येक रंगाला तीन गुण असतात. तो तांबडा की हिरवा हा त्याचा वर्ण, तो किती फिकट वा गडद हा त्याचा उजळपणा, आणि तो किती शुद्ध वा मळकट हे त्याचे तेज. अकादमिक व्यक्तिचित्रात उजळपणाची सारी चढउतार एकाच चेहऱ्याच्या आत घडते. कपाळ लख्ख, गालाची एक बाजू अंधारी. ‘ब्रह्मचारी’मध्ये ही चढउतार चेहऱ्यांच्या आतून काढून चेहऱ्यांच्या दरम्यान ठेवलेली आहे. एकाचे अंग उजळ, दुसऱ्याचे गव्हाळ, तिसऱ्याचे काळसर, आणि प्रत्येक अंगाच्या आत मात्र रंग जवळजवळ शांत, कडेला जरासा गडद होणारा. त्यामुळे डोळा एका माणसावर खिळत नाही, तो एका तपकिरीपासून दुसऱ्या तपकिरीकडे जातो आणि मधल्या पांढऱ्या धोतरांवर टेकतो. या पांढऱ्यातही एकच पांढरा नाही. कुठे तो पिवळसर, कुठे निळसर आहे, आणि शेजारच्या त्वचेप्रमाणे बदलतो. साधेपणा याला म्हणायचे खरे, पण तो साधण्यासाठी अकादमिक चित्रकाराला शे-दीडशे छटांत जे काम करता येते ते दहा-बारा छटांत निभावून न्यावे लागते, आणि एक छटा चुकली तरी चूक झाकायला सावली नसते.

‘वधूचा साजशृंगार’ अजिंठ्याशी अधिक उघडपणे नाते सांगते. मध्यभागी बसलेली उजळ कांतीची वधू, तिचे रंगवलेले तळहात, भोवती सावळ्या स्त्रिया आणि मुले ही मांडणी सतराव्या लेण्यातल्या प्रसाधन करणाऱ्या राजकन्येच्या चित्राची आठवण करून देते आणि अभ्यासकांनी ही सांगड अनेकदा घातलेली आहे. फरकही तेवढाच ठळक आहे. अजिंठ्याची राजकन्या आरशात रमलेली, आपल्या सौंदर्याची जाण असलेली आहे. अमृताची वधू कशातच रमलेली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा थकवा, किंवा थकव्यासारखे जे काही आहे ते, अजिंठ्यातून आलेले नाही. ते या चित्रकर्तीचे स्वतःचे आहे आणि ते सिमल्याच्या पहाडी बायकांच्या चित्रांत आधीपासून दिसते.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येतो. नाव-गाव नसलेल्या, एकाच साच्यातल्या वाटाव्यात अशा लांबट चेहऱ्यांच्या या माणसांना व्यक्तिचित्रे म्हणायचे का? वात्स्यायनाच्या कामसूत्रावरील टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यांपैकी सादृश्य म्हणजे साम्य हे एक अंग आहे, एकमेव नाही; आणि वर्णिकाभंग, म्हणजे रंगांची योग्य वाटणी व मिश्रण, हेही त्याच्याच बरोबरीचे अंग आहे. अकादमिक व्यक्तिचित्र सादृश्याला पहिला मान देते आणि बाकीच्यांना त्याच्या सेवेला लावते. अमृताने ‘ब्रह्मचारी’मध्ये सादृश्य खाली उतरवून वर्णिकाभंग आणि भाव वर चढवले. व्यक्तीची ओळख नाकडोळ्यांच्या अचूक नोंदीवरून न पटवता तिच्या अंगाच्या रंगावरून, बसण्याच्या धाटणीवरून आणि शेजारच्या माणसापासून तिने राखलेल्या अंतरावरून पटवली. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. या हिशेबात काहीतरी गमावले जाते. पॅरिसमध्ये १९३३ मध्ये रंगवलेल्या ‘प्रोफेशनल मॉडेल’मधली खंगलेली स्त्री एक विशिष्ट स्त्री आहे, तिला रस्त्यात ओळखता येईल. ब्रह्मचाऱ्यांपैकी एकालाही तसे ओळखता येणार नाही.

अजिंठ्याला येऊन गेलेली अमृता पहिली चित्रकार नव्हती आणि तिच्या आधीच्यांनी तिथून काय नेले ते पाहिले की तिचे वेगळेपण उमगते. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच. गंमत अशी की या मुलांनी दिवसरात्र अजिंठा उतरवला आणि मुंबईला परतून पाश्चात्त्य पद्धतीचीच व्यक्तिचित्रे रंगवली, कारण अजिंठा त्यांच्यासाठी नक्षीचा आणि नोंदीचा विषय होता, रंगविचाराचा नव्हता. १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी बंगाली चित्रकार आले आणि त्यांनी अजिंठ्याची रेषा आत्मसात केली. ती वळणदार, लवचीक रेषा बंगाल शैलीच्या कितीतरी चित्रांत दिसते, पण तिच्या आतला रंग बहुधा पातळ, धूसर, जपानी चित्रकारांकडून घेतलेल्या वॉश पद्धतीचा, म्हणजे पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन फिकट केलेला असतो. अमृताचे बंगाल शैलीशी जमले नाही ते इथेच. अजिंठ्याचे बाह्य रूप घेऊन त्याचा गाभा सोडून दिला, असा तिच्या टीकेचा रोख होता. टीका जरा अन्यायाची आहे, विशेषतः नंदलालांच्या बाबतीत. तरी भिंतीवरच्या त्या भरीव, जड, मातीच्या रंगाला तैलरंगात पहिल्यांदा उत्तर मिळाले ते तिच्याच कामात, हे नाकारता येत नाही.

१९३८ नंतर तिची वाट पुन्हा वळली. खंडालावाला यांच्या सहवासामुळे लघुचित्रांकडे, बसोहली आणि मुघल चित्रांकडे, तिचे लक्ष गेले. आकृत्या लहान झाल्या, रंग झळाळू लागले, ‘हळद दळणाऱ्या’ बायकांच्या १९४०च्या चित्रात लाल-पिवळ्याचे तेज असे आहे जे १९३७च्या मातकट त्रयीत कुठेच नाही. सावली मात्र परत आली नाही. ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरमध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. १९७६ मध्ये भारत सरकारने तिच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला आणि तिच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

महाराष्ट्रात या मार्गाचा पुढचा टप्पा शोधायचा तर तो बी. प्रभा यांच्याकडे नेतो. नागपूरजवळच्या बेला या गावी १९३३ मध्ये जन्मलेल्या, नागपूरला आणि मग जे. जे.मध्ये शिकलेल्या प्रभा यांना अमृताच्या चित्रांनी प्रेरणा दिली होती. त्यांच्या कोळिणी आणि खेडूत स्त्रिया उंच, सडपातळ, लांब मानेच्या आहेत, तपशील अगदी कमी आहे आणि बऱ्याच कॅनव्हासवर एकाच वर्णाचे राज्य आहे : संपूर्ण निळे चित्र, संपूर्ण तांबडे चित्र. एअर इंडियाने त्यांची चित्रे सुरुवातीच्या काळातच संग्रहात घेतल्यामुळे ही शैली पुष्कळांच्या डोळ्यांना परिचित झाली. मात्र दोघींचा साधेपणा एकाच जातीचा नाही. प्रभा यांच्याकडे रंग आधी पार्श्वभूमीत ठरतो आणि तिथून तो स्त्रीच्या अंगावर येतो, त्यामुळे दहा चित्रांतल्या दहा कोळिणी बहिणी-बहिणी वाटतात आणि मनःस्थिती सांगण्याचे काम त्या एका वर्णावर पडते, जे त्याला दर वेळी पेलत नाही. अमृताच्या १९३७च्या चित्रांत रंग त्वचेपासून सुरू होतो आणि मागची मोकळी जागा त्या त्वचेच्या हिशेबाने ठरते, म्हणून चेहरे एका साच्यातले असूनही पाच ब्रह्मचारी पाच वेगवेगळी माणसेच राहतात.